ग्रीन पक्ष आणि आपली मतमोजणी

अमळनेरात बसून जर्मनीतल्या ग्रीन पक्षाचा विचार आपण का करायचा? तर शेजारच्या जुन्या धुळे जिल्ह्यासाठी. पश्चिम जर्मनीत हा पक्ष १९८० मध्ये स्थापन झाला आणि १९८३ मध्ये अवघ्या ५.६ टक्के मतांवर त्याला २७ जागा मिळाल्या. कारण तिथे ५ टक्क्यांची अट ओलांडली, की देशभर विखुरलेली मतेही जागावाटपात धरतात.

आता आपल्याकडे बघा. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीचा लढा जगभर पोचला. १९९३ मध्ये जागतिक बँक प्रकल्पातून बाहेर पडली. पण या लढ्यातून संसदेत जाणारा पक्ष काही उभा राहिला नाही. २०१४ मध्ये मेधा पाटकर लोकसभेला उभ्या राहिल्या त्या ईशान्य मुंबईतून, आम आदमी पक्षाच्या तिकिटावर, आणि हरल्या.

आपल्या पद्धतीत मताला किंमत येते ती एका मतदारसंघात सर्वात जास्त मते मिळाल्यावर. धरण तर माणसालाच गावातून उठवते. मूठभर, त्यातून पांगलेले लोक सर्वात जास्त मते मिळवणार कुठे? तेव्हा हिरवा विचार आपल्या मातीत रुजत नाही, असा निष्कर्ष आपण घाईने काढू नये. आधी विचारावे, बुडणाऱ्या गावाच्या वतीने सभागृहात बोलायचे कुणी?