अबोल मुलं आणि वाळूचा ट्रे

आई गेल्यापासून माझी नात शाळेत कुणाशी बोलेना. गेल्या पावसाळ्यात तिला नाशिकमधल्या एका समुपदेशक बाईंकडे नेऊ लागलो. त्या प्रश्न विचारत नसत. वाळूचा ट्रे आणि छोटी माणसं, गुरं, घरं समोर ठेवत. पहिले तीन आठवडे नात नुसती वाळू उकरत राहिली. बाहेरच्या बाकावर बसून मी या वाळूचा माग काढू लागलो.

माग लंडनपर्यंत गेला. डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ मध्ये तिथे मुलांसाठी क्लिनिक काढलं. खेळणी आणि वाळू एकत्र करून आपापलं 'जग' मांडायला सुरुवात केली ती मुलांनीच. बाईंनी ते पाहिलं आणि त्याची पद्धत केली. मुंबईत १९३७ साली, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. पण ते शहरातलं.

माझं मन रमलं ते डहाणूजवळच्या बोर्डीत. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबतीला अनुताई वाघ. त्यांची सुरुवातीची नोकरी आमच्याच नाशिक जिल्ह्यातली. त्याच वर्षी त्याच मुलखात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता. पांढरपेशा माणूस दिसला की पोरं घरात पळत, तोंड उघडत नसत. त्यांना आजारी कसं म्हणावं? आईबाप ज्यांच्या वेठीला जुंपलेले, तसलीच माणसं दारात आल्यावर गप्प राहणं हे शहाणपणच होतं.

मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. मॉंटेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पानं. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. याला कुणी उपचार म्हटलं नाही, आणि तो हेतूही नव्हता. तरी लोवेनफेल्डबाईंना तिथलं अंगण परकं वाटलं नसतं, असं मला वाटतं. मूल बोलेपर्यंत थांबायचं आणि तोवर त्याच्या हाताला काहीतरी द्यायचं, हे दोन्हीकडे होतं.

चौथ्या आठवड्यात नातीने ट्रेच्या कोपऱ्यात घर मांडलं आणि दारात एक बाई उभी केली. ती कोण, हे समुपदेशक बाईंनी विचारलं नाही. मलाही विचारू नका म्हणाल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी ती वर्गातल्या एका मैत्रिणीशी बोलू लागली. शिक्षिकांशी अजून नाही.