सरासरीत न मावणारी नदी : कूपर क्रीकचा इतिहास

ज्या नद्या समुद्राला न मिळता खंडाच्या आतच एखाद्या सरोवरात किंवा वाळूत संपतात, त्यांच्या खोऱ्याला अंतर्गत जलप्रणालीचे खोरे म्हणतात. आपल्याकडील घग्गर हे त्याचे परिचित उदाहरण होय. ऑस्ट्रेलियातील आयर सरोवराच्या खोऱ्याने त्या खंडाचा सुमारे सहावा भाग व्यापला आहे. या खोऱ्यातील कूपर क्रीकचा इतिहास पाहिला, म्हणजे कोरड्या प्रदेशातील नदी एका वर्षावरून का ओळखता येत नाही, हे समजते.

१८४५ मध्ये चार्ल्स स्टर्ट येथे पोहोचला. पात्रात पाणी होते, पण प्रवाह नव्हता. म्हणून त्याने तिला 'नदी' न म्हणता 'क्रीक', म्हणजे ओढा म्हटले. मोठ्या पुरात हाच 'ओढा' कित्येक किलोमीटर रुंद पसरतो. १८६१ मध्ये बर्क आणि विल्स हे प्रवासी याच्या काठी पाणी असूनही कुपोषणाने मरण पावले. त्यांचा सोबती जॉन किंग मात्र वाचला. तेथील यान्द्रुवान्धा लोकांनी त्याला सांभाळले. डोह, मासे आणि खाद्य वनस्पती यांचे त्यांचे ज्ञान पिढ्यांच्या अनुभवातून आले होते.

या चढउताराचे कारण काय? पाऊस मुख्यतः वरच्या भागात, काही उन्हाळ्यांतच जोरदार पडतो. पुढे सपाट भूमीवर पाणी असंख्य फाट्यांत विभागते, मुरते आणि त्याची वाफ होते. त्यामुळे कूपरचे बहुतेक पूर सरोवरापर्यंत पोहोचतच नाहीत. १९७४ मध्ये मात्र सरोवर नोंदींतील सर्वाधिक पातळीपर्यंत भरले.

१९९५ मध्ये विंडोरा गावाजवळ कूपरच्या पाण्यावर कापूस पिकवण्याचा प्रस्ताव आला. पूर ओसरल्यावर उगवणाऱ्या चाऱ्यावर गुरे पोसणारे पशुपालक आणि शास्त्रज्ञ यांनी त्याला विरोध केला. त्यामागील तर्क एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, नऊ वर्षे दरवर्षी १ एकक पाणी आले आणि दहाव्या वर्षी ९१ एकके. सरासरी १० होते. पण नऊ वर्षे प्रत्यक्षात त्याच्या दहावा हिस्साच पाणी असते. सरासरी पाहून कालवे काढले, तर लहान पूर वरच अडतील आणि खालचे डोह व कुरणे सुकतील.

पुढे २००० मध्ये केंद्र सरकार, क्वीन्सलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया यांनी या खोऱ्यासाठी संयुक्त करार केला. कोरड्या प्रदेशातील नदीचा अभ्यास करताना सरासरीबरोबर तिचे कोरडे दिवसही मोजावेत, हा यातील धडा आहे.