फैजपूरला न गेलेला पंप

आमच्या जामनेरच्या घरात माळ्यावर एक सायकलचा पंप आहे. काळ्या पत्र्याचा, हातभर लांब, लाकडी मुठीचा. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत तो खाली उतरतो, पुसला जातो आणि त्याची गोष्ट सांगून झाली की पुन्हा वर जातो. गोष्ट अशी : डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. आमचे आजोबा जामनेरहून सायकलने तिकडे निघाले. भुसावळच्या अलीकडे बाभळीचा काटा लागला, रात्र पडली, आणि आजोबांनी या पंपाने हवा भरून, तापी ओलांडून सकाळी फैजपूर गाठले. पंडित नेहरूंचे अध्यक्षीय भाषण त्यांनी ऐकले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि तट्ट्यांतून सजवलेली टिळकनगरी पाहिली. ‘हा पंप नसता तर आजोबा निम्म्यातून परतले असते,’ हे वडिलांचे समारोपाचे वाक्य.

ही गोष्ट मी स्वतः दोन शाळांतून भाषणात सांगितली आहे. मुलांना पंप हातात घ्यायला दिला आहे. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचे सगळे त्या कबुलीतून निघाले आहे.

मागच्या वर्षी पुतण्याने रोड बाइक घेतली. तो जळगावला नोकरीला. पहाटे उठून शंभर-शंभर किलोमीटर जातो. आता त्याला दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे करायची होती. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांप्रमाणे होणारी ही फेरी साडेतेरा तासांत संपवायची असते, मागे मदतीची गाडी ठेवायची नसते. त्याने फोन करून विचारले, “काका, सोबत न्यायला छोटा पंप कोणता घेऊ? चाळीसेक प्रकार पाहिले. डोकं चालेनासं झालंय.” मी इतिहासात लुडबुड करणारा माणूस, तेही पदवी न घेता. त्याला म्हटले, रविवारी ये, आधी पंप म्हणजे काय ते बघू. आणि माळ्यावरचा पंप काढला.

या वेळी नुसता पुसला नाही. आतली चामडी वाटी बघायची म्हणून घासलेटात भिजवला. वर्षांचे किटण निघाले तसा मुठीजवळ पत्र्यात ठोकलेला एक छाप दिसू लागला. पुतण्याने मोबाइलचा उजेड धरला. छाप आय.एस.आय.चा होता.

आय.एस.आय. म्हणजे इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन. ही संस्थाच १९४७ साली स्थापन झाली, आणि मालावर तिचा शिक्का मारण्याचा कायदा १९५२ चा. १९३६ च्या डिसेंबरात हा पंप फैजपूरला जाणे शक्य नव्हते. तो तेव्हा या जगातच नव्हता.

पुतण्या हसला. मला हसू आले नाही.

त्या दुपारी आम्ही पंपाबद्दल बोललो ते आधी सांगतो, कारण प्रश्न त्याचा होता आणि तो खरा होता. घराचा प्रश्न मी रात्रीसाठी ठेवला.

हवेच्या टायरची कल्पना दोनदा सुचलेली आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली तिचे पेटंट घेतले, पण तेव्हा सायकलच नव्हती. घोडागाडीसाठी ती कुणाला नको होती, आणि ती विसरली गेली. १८८८ साली बेलफास्टमध्ये गुरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्वाराने त्या टायरवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले. योगायोग असा की १८८८ हेच साल बेळगावच्या किर्लोस्कर बंधूंच्या सायकलींच्या व्यापाराचे. नांगर आणि किर्लोस्करवाडी नंतरची, सुरुवात सायकलींची. म्हणजे मराठी मुलखात सायकल दुकानात आली तेव्हा हवेचा टायर अजून पाळण्यात होता.

भरीव टायरला काटा लागत नाही. हवा आली तेव्हा वेग आला, कंबर वाचली. पण त्याच दिवशी स्वार हवेचा मिंधा झाला. ही हवा कोठून आणायची, तर एक सोबत न्यायची नळी किंवा दुसऱ्याचे दुकान. पंपाचा सगळा इतिहास या दोन टोकांमध्ये आहे असे मला वाटते.

आपल्या काळ्या सायकलींना जो वॉल्व्ह असे, ज्यावर वॉलट्यूबचा तुकडा ओला करून चढवावा लागे, तो वुड्सचा. १८९१ च्या सुमाराचा. भोकावर ताणून बसलेले ते रबर हवेला आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. अतिशय साधी गोष्ट, आणि म्हणूनच बोदवडपासून पाचोऱ्यापर्यंत कोणत्याही पानटपरीवर तिचा तुकडा मिळे. पण प्रत्येक दट्ट्याला त्या रबराची पकड सोडवावी लागते, जोर जास्त लागतो आणि आत दाब किती झाला ते काट्यावर नीट कळत नाही. म्हणून आपल्याकडे अंगठ्याने टायर दाबून बघायची पद्धत. पुतण्याच्या सायकलला प्रेस्टा वॉल्व्ह आहे : फ्रेंच, सडपातळ, टोकाला फिरकी. फिरकी सैल करायची, एकदा टोक दाबून हवा सोडायची, मग पंप लावायचा. मोटारसायकलचा जाड श्रेडर वेगळा. जामनेरच्या रस्त्यावरच्या कॉम्प्रेसरचे तोंड श्रेडरचे असते. ते प्रेस्टावर बसत नाही. त्यासाठी पितळेची एक इवलीशी टोपी मिळते. पंप कोणताही घे, पण ही टोपी आधी घे, असे मी त्याला सांगितले. ती चिंचोक्याएवढी असते आणि तिच्यामुळे गावोगावचे दुकान आपले होते.

आता पंपाचे गणित. त्याच्या बारीक टायरमध्ये शंभर पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाब लागतो. पंपाच्या नळीचा आतला व्यास ३ सेंटिमीटर असेल तर दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण ७ चौरस सेंटिमीटर. शेवटचे दट्टे मारायला जवळपास ५० किलोंचा जोर हवा. दोन्ही हातांनी, रस्त्याकडेला, उभ्याने, हे जमणारे नाही. व्यास २ सेंटिमीटर केला तर क्षेत्रफळ ३ वर येते आणि जोर २२ किलोंवर. म्हणून रोड बाइकचा पंप बारीक हवा. जाड पंप भरभर भरतो हे खरे, पण तो मोठ्या, मऊ टायरांसाठी. दुकानदार ‘एका दमात जास्त हवा’ म्हणून विकतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, अर्धेच बोलत असतो.

बारीकपणाची किंमत दट्ट्यांत मोजावी लागते. २ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत १५ सेंटिमीटरचा दट्टा म्हणजे ४७ घनसेंटिमीटर हवा. त्याच्या ट्यूबमध्ये साधारण लिटरभर जागा. ती रिकामी असताना पूर्ण दाबापर्यंत भरायची तर बाहेरची सुमारे आठ लिटर हवा आत कोंबायची. भागाकार १७० येतो. गळती आणि थकवा धरून दोनशे दट्टे. माळ्यावरचा पंप हातभर लांब, त्याचा एक दट्टा या छोट्याच्या अडीच दट्ट्यांइतका. गंमत अशी की काळ्या सायकलच्या जाड टायरलाही नऊ-दहा लिटरच हवा लागते, फक्त दाब निम्म्याहून कमी. हवा तेवढीच, जोर वेगळा.

आणखी एक बारकावा पुतण्याला मी पंप उघडून दाखवला. दट्टा पूर्ण आत गेला तरी तळाशी, तोंडात आणि रबरी नळीत थोडी जागा उरते. ती एकूण जागेच्या आठवा हिस्सा असेल, तर हवा आठपट दाबली जाऊन तिथेच थांबते. पुढे कितीही मारा, ट्यूबमध्ये काही जात नाही. चामडी वाटी वाळली, दट्टा खाली टेकेनासा झाला, की जुने पंप ‘चढत नाहीत’ ते यामुळेही. गोडेतेलाचे दोन थेंब हा त्यावरचा जुना इलाज, आणि तो आजही चालतो.

रबरी नळी असलेला पंप घे असेही सांगितले. तोंड थेट वॉल्व्हवर लावायचे पंप आटोपशीर असतात, पण दोनशे हिसके त्या सडपातळ प्रेस्टाला बसतात आणि तो मुळाशी फाटतो. मला हे पुस्तकातून कळलेले नाही. पहूरच्या रस्त्यावर, उसन्या सायकलवर, उसन्या पंपाने मी स्वतः तो फाडलेला आहे. ट्यूब अगदी नवी होती. मालकाला भरून दिली.

पुतण्याने कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांचे विचारले. सोळा ग्रॅमचे एक नळकांडे काही क्षणांत टायर कडक करते हे खरे. पण ते एकदाच चालते, आणि तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. दुसऱ्या दिवशी टायर पुन्हा भरावा लागतो. आपल्याकडे वेडी बाभूळ आणि सराटे आहेत. एका काट्यावर भागत नाही.

बोलता बोलता युजेन क्रिस्तॉफची गोष्ट निघाली. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये पिरिनीज डोंगरात त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा, की दुरुस्ती स्वाराने स्वतः करायची. तो सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरला, सेंट मारी द कॅम्पान या गावात लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः चिमटा सांधला. पंचांनी तरी दहा मिनिटांचा दंड केला, पुढे तो तीन मिनिटांवर आणला. कारण? दोन्ही हात कामात असल्याने भाता एका पोराने हलवला होता. वारा घातला एवढीच त्या पोराची मदत.

पुतण्या म्हणाला, “ब्रेव्हेत असं नाही, काका. रस्त्यावरच्या दुकानात थांबलं तर चालतं. फक्त आपली माणसं गाडी घेऊन मागे नकोत.” मला हा नियम फ्रेंचांच्या जुन्या नियमापेक्षा शहाणा वाटला.

मुंबईहून १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले होते. त्यांतले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. इराणचे वाळवंट. तिथे कुठले दुकान? अशा वाटेवर स्वार पूर्णपणे पंपाच्या भरवशावर असतो. पण आमच्या खानदेशातली सायकल त्या प्रकारची नव्हती. ती बाजारापासून शाळेपर्यंत आणि जिनिंगपासून घरापर्यंत जाणारी. विलायती सायकलींच्या दांडीला पंप अडकवायच्या खुंट्या असत. आमच्याकडे त्या रिकाम्याच दिसत, कारण बाजाराच्या दिवशी पंप चोरीला जाई. लोक पंप घरी ठेवत किंवा घेतच नसत. हवा दुकानात, फळीवर टेकवलेल्या उभ्या पंपाने, बहुतेक वेळा आपल्याच हाताने.

रात्री मी आजोबांच्या वह्या काढल्या. त्या मोडीत आहेत. मोडी मी चाळिशी ओलांडल्यावर शिकलो, आणि या वह्या कापसाच्या हिशेबाच्या म्हणून कधी नीट वाचल्या नव्हत्या. इतरांची कागदपत्रे वाचायला गावोगाव हिंडलो, घरातली राहिली. १९३६ सालची वही सापडली. मार्गशीर्ष-पौषाच्या पानांवर सरकीचे, हमालीचे आकडे, आणि मध्येच चार ओळी रोजखर्चाच्या. फैजपूर. जेवण. धर्मादाय. त्यांच्या वर : भुसावळ, सायकल पंक्चर, एक आणा. आणि पुढे, त्याच ओळीत, बारीक अक्षरात : रात्री दुकान उघडून दिले, हवेचे घेतले नाही.

आजोबा गेले होते. काटा लागला होता, रात्रही झाली होती. पंप मात्र त्यांचा नव्हता.

मग हा पंप कुणाचा? याचे उत्तर मला खरे तर आधीपासून माहीत असायला हवे होते. वडील १९६० नंतर प्राथमिक शिक्षक झाले. तालुक्यातल्या एका खेड्यावर त्यांची पहिली नेमणूक, रोज सायकलने जाणे-येणे, वाटेत एकही दुकान नाही. प्रार्थनेच्या घंटेआधी पोचले नाही तर खाडा लागे. मला आठवतो तो पंप दांडीला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. शाळेत पोचल्यावर ते पट्टी सोडून पंप वर्गात नेत आणि टेबलाच्या खणात ठेवत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात सायकल डोक्यावर घेऊन येत, तेव्हा पंप सदऱ्याच्या आत खोचलेला. संध्याकाळी ओट्यावर बसून वाटीला तेल सोडत. बावीस वर्षे त्यांनी हे केले. त्याबद्दल एकही गोष्ट सांगितली नाही. पंपाची जी गोष्ट सांगितली ती आपल्या वडिलांची.

त्यांनी जाणून केले की त्यांची खरोखर तशी समजूत होती, हे विचारायला ते आता नाहीत. मला वाटते, फैजपूरच्या मानाने शाळेची वाट त्यांना सांगण्याजोगी वाटली नसावी. त्या दोन शाळांना मी पत्रे लिहून चूक कळवली आहे. एका शाळेने पंप पुन्हा घेऊन या म्हणून कळवले आहे. या वेळी त्यासोबत वही आणि वडिलांचा हजेरीचा दाखला नेणार आहे.

पुतण्याने शेवटी रबरी नळीचा, दोन सेंटिमीटरच्या आतला, वीतभर लांबीचा पंप घेतला. ब्रेव्हेत एकशे चाळीसाव्या किलोमीटरला मागचे चाक बसले. दोनशे अकरा दट्टे, त्याने मोजले. बारा तास पन्नास मिनिटांत तो परत आला. पितळी टोपी त्याने वाटेत दुसऱ्या एका स्वाराला दिली, ती राहिली तिकडेच. नवी आणायची आहे.