अजाण हातांचा हिशेब

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. मौनव्रत घेऊन ते आश्रमाच्या दाराशी तप करीत उभे होते. राजाचे शिपाई पाठीस लागलेले चोर आश्रमात शिरले आणि चोरीचा माल ठेवून तेथेच दडून बसले. शिपायांनी विचारले, चोर कोणीकडे गेले? ऋषी बोलले नाहीत. झडतीत माल सापडला, चोरही सापडले, आणि चोरांबरोबर ऋषींनाही राजाने सुळावर चढविले. ऋषी मेले मात्र नाहीत. पुढे राजाला आपली चूक उमगली. त्याने पाय धरले. पण सूळ अंगातून निघेना, तेव्हा तो कापावा लागला. उरलेला तुकडा अंगात वागवीत फिरणाऱ्या त्या ऋषींना लोक अणीमांडव्य म्हणू लागले.

एवढे भोगल्यावर ते थेट यमधर्माकडे गेले आणि त्यांनी विचारले, हे कोणत्या कर्माचे फळ? धर्माने उत्तर दिले की, लहानपणी तुम्ही उडत्या किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती. ऋषी संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड, आणि तोही अजाणपणी घडलेल्या गोष्टीला! त्यांनी प्रत्यक्ष धर्माला शाप दिला की तू दासीच्या पोटी जन्म घेशील. आणि एक मर्यादा घालून दिली. चौदा वर्षांपर्यंत मुलाच्या हातून जे घडेल ते पातक मानले जाणार नाही.

दिवाळीच्या दिवसांत ही कथा आठवावी असे कारण गल्लोगल्ली घडत असते. बाटलीत उभा केलेला बाण ऐन वेळी कलंडतो आणि आकाशाऐवजी समोरून येणाऱ्या माणसाकडे जातो. पेटविणारा हात आठ-नऊ वर्षांचा. पाप नाही, हे कबूल. पण ज्याच्या डोळ्याला इजा झाली त्याचे काय? मांडव्यांनी मुलाला सोडविले. काडी खुपसलेल्या किड्याविषयी कथेत पुढे अक्षर नाही. तो राहिलेला प्रश्न सोडविण्यात माणसाने दोन-अडीच हजार वर्षे घालविली आहेत, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

रोममध्ये ख्रिस्तपूर्व ४५० च्या सुमारास बारा पट्ट्यांचा कायदा झाला. रोमन बापाची घरातल्या माणसांवर विलक्षण सत्ता असे. मुलाने किंवा गुलामाने परक्याचे नुकसान केले तर घरधन्यापुढे दोन वाटा असत: नुकसान भरून द्यावे, नाही तर ज्याने ते केले त्यालाच फिर्यादीच्या हवाली करावे. म्हणजे थैली तरी सोडायची, नाही तर पोर तरी सोडायचे! पुढे लोकांनाच ही चाल निष्ठुर वाटू लागली, आणि इसवी सन ५३३ मध्ये जस्टिनियन बादशहाने विद्यार्थ्यांसाठी जो कायद्याचा ग्रंथ करविला त्यात, मुलामुलींपुरती ती सोडून दिल्याचे नमूद झाले. कायद्याच्या पुस्तकात एवढे लिहिले जायला जवळजवळ हजार वर्षे लागली. गुलामांच्या बाबतीत ती तशीच राहिली, हेही विसरू नये.

आपल्या दख्खनच्या भूमीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, इसवी सन ११०० च्या आगेमागे, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. तीत प्रायश्चित्ताच्या प्रकरणी घेतलेले एक स्मृतिवचन या प्रश्नाला फार जवळून भिडते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अपराध नाही, पातक नाही, राजाचा दंड नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाकडून काही घडले तर प्रायश्चित्त आहे. पण ते मुलाने घ्यायचे नाही, त्याच्या गुरूने अथवा सुहृदाने घ्यायचे. स्मृतींच्या भाषेत गुरू म्हणजे बापही होतो. येथे प्रश्न परलोकीच्या हिशेबाचा आहे, जखमी माणसाच्या औषधपाण्याचा नाही, हे खरे. तरीही त्यातला विचार मोलाचा वाटतो. मूल अजाण म्हणून घडलेली गोष्ट हवेत विरून जात नाही. ती कोणा जाणत्याच्या अंगावर येते.

युरोपात हा विचार रोकड्या स्वरूपात आला तो नेपोलियनच्या काळी. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेतील १३८४ व्या कलमाने सांगितले की, आपल्याजवळ राहणाऱ्या अज्ञान मुलांनी केलेल्या नुकसानीस बाप, आणि बापाच्या मागे आई, जबाबदार. त्याच कलमात पुढे कारागीर आपल्या उमेदवारांबद्दल आणि शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांबद्दल जबाबदार धरलेले आहेत. आमच्या व्यवसायातल्या माणसाच्या पोटात हे वाचून गोळा उठावा! मधल्या सुट्टीत पन्नास मुले अंगणात सुटलेली असताना कोणाचा दगड कोणाच्या कपाळावर बसेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फ्रेंच सरकारने हे ओळखले. १८९९ च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षकाच्या जागी भरपाईला सरकार उभे राहिले, आणि १९३७ पासून शिक्षकाची चूक सिद्ध केल्याशिवाय त्याच्याकडे बोट दाखविता येईनासे झाले.

आईबापांना मात्र फ्रान्सने अधिकाधिक घट्ट बांधले. सात वर्षांच्या एका मुलाने घरी केलेल्या धनुष्याने बाण सोडला आणि तो खेळगड्याच्या डोळ्यात गेला. त्या खटल्यात १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुलाला समज होती की नव्हती हे पाहण्याचे कारण नाही. त्याच्या कृतीने इजा झाली एवढे पुरे. पुढे बारा वर्षांच्या मुलाची सायकल एका मोटारसायकलवर आदळली आणि मोटारसायकलस्वार जखमी झाला. त्यावर १९९७ मध्ये निकाल झाला की, आम्ही मुलाला नीट वळण लावले होते, असे सांगून बापाची सुटका नाही. आभाळच कोसळले असेल किंवा चूक जखमी माणसाचीच असेल, तरच तो सुटेल. हे ऐकायला कठोर वाटते. पण तेथे घराच्या विम्यातच बहुधा अशी जबाबदारी सामावलेली असते, त्यामुळे बापावर घर विकायची पाळी सहसा येत नाही.

इंग्रजांची रीत वेगळी. मुलाच्या कृत्याला बाप केवळ बाप म्हणून जबाबदार नाही. बापाने स्वतः हयगय केली असेल तर आहे. १९१६ च्या एका खटल्यात बापाने पंधरा वर्षांच्या मुलाला हवेची बंदूक दिली होती. शेजाऱ्याची खिडकी फुटल्याची तक्रार आली, तरी ती त्याच्याकडेच राहू दिली. मग दुसऱ्या मुलाचा डोळा जखमी झाला. बाप जबाबदार ठरला. १९५२ च्या खटल्यातही तशीच बंदूक आणि तसाच डोळा. पण बापाने तळघराबाहेर ती वापरायची नाही अशी ताकीद दिलेली होती, आणि मुलगा आजवर ऐकणारा होता. तो बाप सुटला. डोळा गमावण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच. फरक पडला तो घरातल्या आधीच्या दिवसांत.

तिसरा खटला वेल्समधील कार्मार्थनचा. बालवाडीतल्या बाई दोन मुलांना बाहेर न्यायला निघाल्या होत्या, तोच तिसरे मूल पडून लागलेले दिसले. बाई त्याची जखम बांधीत असताना चार वर्षांचे एक पोर फाटकातून रस्त्यावर गेले. त्याला वाचविण्यासाठी लॉरीवाल्याने गाडी वळविली, ती खांबावर आदळली आणि तो मेला. त्याच्या विधवेने दाद मागितली. १९५५ मध्ये लॉर्डांच्या सभेने निकाल दिला की, बाईंची चूक नाही. पण इतके लहान मूल सहज उघडू शकेल असे फाटक ठेवणाऱ्या शिक्षण खात्याची आहे.

याची जणू जुळी गोष्ट पुढे जपानात घडली. २००४ च्या फेब्रुवारीत, शिकोकू बेटावरील इमाबारी गावी, अकरा वर्षांचा एक मुलगा शाळा सुटल्यावर पटांगणात फुटबॉलचा सराव करीत होता. गोल शाळेच्या फाटकापासून सुमारे दहा मीटरवर, आणि फाटकाची उंची जेमतेम १.३ मीटर. चेंडू गोलावरून, फाटकावरून, गटारावरच्या साकवावरून रस्त्यावर गेला. पंच्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ मोटारसायकलवरून येत होते. चेंडू चुकविताना ते पडले आणि त्यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळल्यावर त्यांना स्मृतिभ्रंश जडला, आणि २००५ च्या जुलैत न्यूमोनियाने ते गेले.

१८९८ पासून लागू असलेल्या जपानी दिवाणी संहितेप्रमाणे अजाण मुलाऐवजी त्याच्यावर देखरेख करणारे जबाबदार असतात. त्यातून सुटायला आपण कर्तव्यात कसूर केली नाही हे त्यांनी दाखवायचे. पण जिथे माणसाला इजा झाली आहे तिथे न्यायालये हे म्हणणे सहसा मान्य करीत नसत. ओसाकाच्या खालच्या न्यायालयाने आईबापांना सुमारे १ कोटी ५० लक्ष येन भरायला सांगितले, वरच्या न्यायालयाने सुमारे १ कोटी १८ लक्ष. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ एप्रिल २०१५ रोजी आईबाप सुटले. न्यायालयाने म्हटले की, शाळेने मोकळ्या ठेवलेल्या पटांगणात, शाळेनेच उभारलेल्या गोलाकडे चेंडू मारणे हा सामान्य खेळ आहे. आईबापांनी मुलाला नेहमीचे वळण लावले होते. याहून जास्त त्यांनी काय करायचे होते?

आता याशेजारी कोबे येथील खटला ठेवून पाहावा. २००८ साली अकरा वर्षांच्याच मुलाने रात्री उतारावरून वेगाने सायकल हाकली आणि पायी चाललेल्या बासष्ट वर्षांच्या बाईंना धडक दिली. त्या शुद्धीवर आल्या नाहीत. २०१३ मध्ये न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे ९ कोटी ५० लक्ष येन देण्याचा हुकूम केला; तिने पुरेशी शिकवण दिली नाही, हे कारण. या निकालाने जपानी घरे हादरली. २०१५ मध्ये कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगोने सायकलस्वारांना विमा सक्तीचा केला, आणि इतर प्रांतांनी ती वाट धरली.

आपल्या देशात १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाच्या कृत्याला गुन्हा मानले नाही, आणि सात ते बारा या वयात त्याची समज पाहण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हीच मर्यादा पाळली. भरपाईपुरती आपली चाल इंग्रजी वळणाची: बापाची स्वतःची हयगय दाखवावी लागते. एका ठिकाणी मात्र सरकारने कंबर कसली. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीप्रमाणे अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे दाखविले तरच सुटका.

हे सर्व निकाल एकत्र पाहिले म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या होत गेलेल्या दिसतात: एक दोष, दुसरी भरपाई. दोष कोणाचाच नसेल. तरी पडलेल्या माणसाला उचलणे शिल्लक राहते. घरी आपण या दोहोंची गल्लत करतो. पोराचा चेंडू कोणाला लागला की आपले पहिले वाक्य असते, "जाऊ द्या हो, लहान आहे तो!" मांडव्यांनी दिलेली सवलत मुलाला आहे, ती बापाने आपल्या खिशात घालण्याचे कारण नाही. लहान आहे, म्हणूनच तर मोठ्याने पुढे व्हायचे. दुसरे काही बाप याच्या उलट करतात. चारचौघांत पोराच्या थोबाडीत देतात आणि सुटलो म्हणतात. ही तर रोमन चालच झाली: थैली सोडायची नाही, पोर हवाली करायचे! त्या थपडेने जखमी माणसाचे रक्त थांबत नाही, आणि मुलगा एवढेच शिकतो की पुढल्या वेळी पळून जावे.

मुलाचा हात धरून त्या माणसाच्या घरी जावे, डॉक्टरांचे काय झाले ते विचारावे, ऐपतीप्रमाणे भार उचलावा, आणि मुलाच्या देखत आपण क्षमा मागावी. बरे होईपर्यंत पुन्हा दोनदा जाऊन यावे. हे कोणतेही कलम करवून घेऊ शकत नाही. आणि शाळेने, नगरपालिकेने, सोसायटीने आपले फाटक तपासावे. खेळ बंद करून कोणाचे भले होणार नाही. चेंडू अडविणारी जाळी थोड्या पैशांत होते.

मांडव्यांच्या शापाने यमधर्म दासीच्या पोटी जन्मला, तो विदुर. मुलाच्या अजाण कृत्याला मोठ्याचा दंड देणाऱ्या त्या न्यायाधीशाला या जन्मी काय काम लागले? मुलाच्या करणीबद्दल मुलाला नव्हे, तर बापाला जागे करण्याचे. विदुराने धृतराष्ट्राला जन्मभर सांगितले. धृतराष्ट्र प्रत्येक वेळी म्हणे, तुझे खरे आहे. आणि जागचा हलत नसे.