बिलियर्डची काठी आणि दुसऱ्याचा डोळा



बिलियर्डसारख्या साहेबी खेळाविषयी फैजपूरच्या एका निवृत्त शाळामास्तराने बोलावे, ह्याचे आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटेल. आमचे गाव केळीच्या बागांचे. १९३६ साली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन आमच्या येथे झाले, ही त्याची बाहेर ख्याती. हिरव्या बनातीने मढविलेले टेबल मी आमच्या गावात कधी पाहिले नाही. तथापि ह्या खेळाच्या इतिहासाचा एक धागा आमच्या शिवाराजवळून गेला आहे. आणि शिकविणे म्हणजे काय, ह्याविषयीचा माझा एक मोठा गैरसमज ह्याच खेळाने दूर केला. म्हणून आज ह्या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

आम्हांस जवळचे स्टेशन सावदा. ते ज्या लोहमार्गावर आहे, तो भुसावळहून खांडवा व इटारसी ह्या मार्गे जबलपुरास जातो. १८७० साली हा मार्ग जबलपुरास पोहोचला, तेथे अलाहाबादकडून आलेल्या मार्गास मिळाला, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे रेल्वेने जोडली गेली. त्यानंतर पाचच वर्षांनी, म्हणजे १८७५ साली, त्याच जबलपूरच्या छावणीत एका नव्या खेळाचा जन्म झाला. पावसाळ्याचे दिवस होते, बाहेरचे खेळ बंद होते, आणि डेव्हनशायर पलटणीचे तरुण अधिकारी मेसमधील बिलियर्डच्या टेबलाभोवती वेळ घालवीत असत. ते 'पूल' खेळत. पूल म्हणजे सर्वांनी आपापला डाव एकत्र टाकावयाचा आणि जिंकणाऱ्याने तो उचलावयाचा. त्या सामाईक रकमेवरूनच खेळास नाव मिळाले. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्याने ह्या पूलच्या चेंडूंत आणखी रंगीत चेंडू घालून पाहिले, आणि स्नूकर हा खेळ तयार झाला. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आता 'स्नूकर' ह्या शब्दाचा अर्थ ऐका. वुलिचच्या सैनिकी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या नवशिक्या विद्यार्थ्यास थट्टेने स्नूकर म्हणत. जबलपुरास एका गड्याचा सोपा फटका चुकला, तेव्हा चेंबरलेनने त्यास स्नूकर म्हटले. आणि त्याचे मन दुखावू नये म्हणून लगेच पुस्ती जोडली, की ह्या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. वार्धक्यात, १९३८ साली, त्यांनी स्वतःच 'द फील्ड' ह्या पत्रास लिहून ही हकीकत जाहीर केली. खेळाचे नावच 'नवशिका' असावे, ही गोष्ट मास्तराच्या मनास फार भावते.

परंतु नवशिक्याचे कसब वाढते कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी हत्याराचा इतिहास पाहिला पाहिजे. युरोपात हा खेळ प्रथम हिरवळीवर खेळला जाई. पुढे तो टेबलावर आला आणि हिरवळीची आठवण म्हणून टेबलावर हिरवी बनात आली. आरंभी चेंडू ढकलण्यास जाड डोक्याचा दांडका वापरीत. तो भिंतीजवळच्या चेंडूस नीट लागेना, म्हणून खेळाडू दांडका उलटा धरून त्याच्या निमुळत्या टोकाने मारू लागले, आणि त्यातून आजची काठी, म्हणजे क्यू, निर्माण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मिंगो नावाच्या फ्रेंच कप्तानाने क्यूच्या टोकास चामड्याची टोपी बसविली. पुढे त्या टोपीस खडू लावण्याची रीत पडली. त्यामुळे टोक चेंडूवरून घसरेनासे झाले आणि चेंडूस हवी तशी फिरकी देता येऊ लागली. लंडनच्या जॉन थर्स्टनने लाकडी पाटाऐवजी पाटीच्या दगडाचा सपाट तक्ता वापरात आणला व कडेच्या गाद्यांस रबर लावले. हस्तिदंती चेंडूंच्या जागी अमेरिकेत जॉन वेस्ली हायट ह्यांच्या प्रयोगांतून कृत्रिम द्रव्याचे चेंडू आले.

ह्या सर्व सुधारणांचा परिणाम असा झाला, की टेबल वाकडे, चेंडू वेडावाकडा किंवा काठी निसरडी, असे सांगण्याची सोय उरली नाही. दोष हत्यारातून निघून गेला. राहिला तो केवळ माणसाच्या हातात. आणि आपल्या हाताचा दोष आपणांस दिसत नाही, हीच ह्या खेळातील खरी अडचण आहे.

ही अडचण मजला कळली ती सुमारे चाळीस वर्षांपूर्वी. मी नुकताच शिक्षक झालो होतो. माझे मामा रेल्वेत नोकरीस होते, आणि सुटीत मी त्यांच्याकडे गेलो, की ते मजला रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नेत. मोठ्या ठाण्यांतील अशा इन्स्टिट्यूटांतून बिलियर्डचे टेबल असे. मी वेड लागल्यासारखा खेळू लागलो. रोज दोन दोन तास तोच फटका मारी. पहिल्या महिन्यात थोडी प्रगती झाली. मग पुढची दोन वर्षे खेळ जागच्या जागी राहिला. मजला वाटे, सराव कमी पडतो आहे. म्हणून मी सराव वाढविला.

तेथे एक वृद्ध मार्कर होते. गुण मोजणे, चेंडू पुन्हा जागेवर लावणे, टेबलास ब्रश फिरविणे हे मार्करचे काम. सगळे त्यांस काका म्हणत. एके दिवशी खोलीत दुसरे कोणी नव्हते. काका माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले, दहा-बारा फटके त्यांनी मुकाट्याने पाहिले, आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही चेंडू कुठं गेला ते पाहता. तो जायच्या आधीच तुमचं डोकं वर येतं, आणि डोक्याबरोबर कोपर बाहेर जातं. दोन वर्षं तुम्ही तेच पक्कं करताय."

मग त्यांनी मजला एक साधा पाठ दिला. टेबलाच्या अलीकडच्या रेषेच्या मधोमध पांढरा चेंडू ठेवावयाचा, टेबलाच्या मध्यरेषेवरील खुणांवरून तो सरळ समोरच्या गादीवर मारावयाचा, आणि तो परत येऊन क्यूच्या टोकास लागतो की नाही, हे पाहावयाचे. चेंडू परत येताना डावीउजवीकडे गेला, तर एकतर नेम वाकडा, नाहीतर टोक चेंडूच्या मध्यावर न लागता बाजूस लागले. ह्यात दुसरा चेंडू नाही, खिसा नाही, गुण नाहीत. फक्त हात सरळ चालतो की नाही, एवढीच परीक्षा. मागचा हात कोपरापासून घड्याळाच्या लंबकासारखा झुलावा, मूठ सैल असावी, पुढच्या हाताची बोटे बनातीवर घट्ट टेकलेली असावीत, आणि चेंडू सुटून गेल्यावरही मस्तक क्षणभर खालीच राहावे. मी मारी आणि काका मागून एकच शब्द बोलत : "हललं" किंवा "नाही हललं". पंधरा दिवसांत जे झाले, ते दोन वर्षांत झाले नव्हते.

शिक्षणशास्त्र शिकलेल्यांस ह्यात नवल वाटणार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक ह्यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'ह्यूमन लर्निंग' ह्या ग्रंथात एक प्रयोग दिला आहे. माणसास डोळे मिटून चार इंच लांबीची रेघ काढावयास सांगितली, आणि ती बरोबर आली की चूक, हे त्यास सांगितले नाही. असे पुन्हा पुन्हा केले, तरी रेघ सुधारली नाही. त्याच तऱ्हेच्या प्रयोगांत प्रत्येक वेळी 'बरोबर' किंवा 'चूक' असे सांगत गेल्यावर मात्र सुधारणा दिसू लागली. केवळ पुनरावृत्तीने माणूस शिकत नाही. पुनरावृत्तीने जे आहे ते घट्ट होते, मग ते सुलट असो वा उलट.

ह्या खेळातील थोरामोठ्यांचे चरित्र पाहिले, तरी हेच दिसते. ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम लहान असताना त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक अपघातात तुटले. त्याच्या वडिलांनी त्यास डाव्या हाताने खेळावयास शिकविले व आपल्या नजरेखाली त्याच्याकडून अपार मेहनत करवून घेतली. त्याच लिंड्रमने १९३२ साली लंडन येथे एका खेपेस ४,१३७ गुण केले.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण घ्यावयाचे, तर पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स ह्यांचे घ्यावे. १९५० साली ते प्रथम बिलियर्डचे राष्ट्रीय विजेते झाले आणि पुढे एकूण बारा वेळा त्यांनी तो मान मिळविला. परंतु देशात पहिला आणि जगात पहिला ह्यांत अंतर असते. हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा १९५२ साली कलकत्त्यास भरली, ती इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफील्डने जिंकली. १९५४ साली सिडनीस ऑस्ट्रेलियाच्या टॉम क्लिअरीने जिंकली. अखेर १९५८ साली कलकत्त्यासच जोन्स जगज्जेते झाले, आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पद पुन्हा मिळविले. स्वतः खेळणे थांबविल्यावर ते दुसऱ्यांचा हात पाहू लागले. १९६५ साली त्यांस पद्मश्री मिळाली होती; १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पहिला मान खेळाडूच्या हाताचा होता, दुसरा गुरूच्या डोळ्याचा.

मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ व १९८३ अशा तीन वेळा जगज्जेते झाले. आणि पुण्यातच १९८५ साली जन्मलेला व बंगळुरास वाढलेला पंकज अडवाणी पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवून बसला आहे. त्यास लहानपणापासून माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सावूर ह्यांचे मार्गदर्शन लाभले. इतका मोठा खेळाडू झाला, तरी पाठीमागे उभे राहून पाहणारे कोणीतरी लागतेच.

आता माझ्या गैरसमजाविषयी. ज्या वर्षी मी तो पाठ घेतला, त्याच वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे अक्षर वाईट होते. मी त्यास रोज शंभर ओळींचा कित्ता लिहावयास लावी. तो बिचारा निमूटपणे लिही, आणि शंभरावी ओळ पहिलीइतकीच वाईट असे. मी त्यास आळशी म्हणे, एकदोनदा छडीही मारली. सुटीहून परत आल्यावर मी प्रथमच त्याची वही न पाहता त्याचा हात पाहिला. तो बोरू धरावा तशी लेखणी मुठीत आवळून धरीत होता, आणि मनगट कागदावर टेकतच नव्हते. चूक अक्षरात नव्हती, पकडीत होती. आणि माझ्या शंभर ओळींनी मी ती पकड दिवसेंदिवस पक्की करीत होतो. शिक्षा मुलाने भोगली. अपराध माझा होता. पुढे त्याचे अक्षर सुधारले, परंतु त्या छड्या मजला परत घेता आल्या नाहीत.

आजकाल लहान शहरांतूनही पूलची टेबले दिसू लागली आहेत, आणि मुले संध्याकाळी तेथे रमतात. आईबापांस ते आवडत नाही, हे मी जाणतो. माझे त्या मुलांस एवढेच सांगणे आहे, की खेळावयाचेच असेल, तर एकट्याने तासन् तास खेळू नका. एका मित्रास मागे उभे करा. दहा फटके त्याने पाहावे, दहा तुम्ही त्याचे पाहावे, आणि खरे बोलावे. हल्ली खिशातील फोनवर आपला हात स्वतः पाहण्याचीही सोय झाली आहे. तिचा उपयोग करावा. मात्र काय पाहावयाचे, हे जाणत्याकडून आधी विचारून घ्यावे. गायनास, अक्षरास, आणि माझ्या मते स्वभावासही हाच नियम लागू आहे.

जबलपूरच्या त्या अधिकाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. परंतु ह्या देशातील क्लबांत व इन्स्टिट्यूटांत ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे गुण मोजले आणि मोजता मोजता हात पारखण्याची विद्या मिळविली, त्या मार्करांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. आमच्या काकांचे खरे नाव काय, हे मीही कधी विचारले नाही. पुढे मामांची बदली झाली, आणि विचारावयाचे राहून गेले. नाव ठाऊक नसलेल्या त्या गुरूस आज आपणां सर्वांसमक्ष नमस्कार करून मी आपली रजा घेतो.