जुना घरगुती संगणक : बिघाड, निदान व दुरुस्ती (विशेष संदर्भ : पेठ तालुका, जि. नाशिक)

आठ-दहा वर्षे वापरलेला, सुरू व्हायला पाच-दहा मिनिटे घेणारा, काम चालू असताना अडकणारा किंवा आपणहून बंद पडणारा टेबलावरचा संगणक आणि त्याचे दुखणे शोधण्याची रीत, हा या नोंदीचा विषय. बोलण्यात ‘पीसी स्लो झाला’, ‘हँग होतो’, ‘डिस्प्ले येत नाही’ अशा तक्रारी असतात. सगळ्या पत्र्याच्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत आहे. खरा सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली बसलेली काडेपेटीएवढी चौकोनी चिप. डब्यासाठी येथे ‘कॅबिनेट’ हा शब्द वापरला आहे.

पेठ तालुका नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, गुजरातच्या हद्दीला लागून सह्याद्रीच्या डोंगरांत आहे. भात, नागली, वरईचा हा मुलूख जिल्ह्यातल्या भरपूर पावसाच्या तालुक्यांपैकी एक. पेठ गावापासून नाशिक सुमारे ५० किमी, मध्ये सावळघाट. त्यामुळे संगणक दुरुस्तीला नेणे म्हणजे कॅबिनेट गोणपाटात गुंडाळून एसटीत किंवा जीपमध्ये मांडीवर घेऊन बसणे. जुन्या हार्ड डिस्कला हा प्रवास मानवत नाही. घरीच करता येणारे निदान येथे शहरापेक्षा जास्त मोलाचे ठरते ते यामुळे.

दुरुस्तीच्या टेबलावर पहिला शब्द सहसा ‘फॉरमॅट मारू’ हाच ऐकू येतो. या सवयीने घराघरांतला मजकूर जितका नाहीसा केला आहे, तितका व्हायरसनेही केला नसेल. यंत्र जोवर सुरू होत आहे, तोवर फोटो, कागदपत्रे, हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे हेच पहिले काम. स्क्रू-ड्रायव्हरला त्यानंतर हात लावावा.

मराठी घरांत या कामाला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) २००१ मध्ये स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे गावोगावी संगणक शिकला गेला, पुढे तो घरात आला. त्या काळातले मराठी टंकलेखन बहुतेक श्री-लिपी, आयएसएम किंवा कृतिदेव यांवर झाले. अशा फाइलींत देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन लिपीसाठी ठरलेले संकेत असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट ते देवनागरी रूपात दाखवतो. फॉरमॅटमध्ये फॉन्ट पुसला गेला, की ग्रामसभेचा ठराव उघडल्यावर पडद्यावर कंस, टक्के आणि रोमन अक्षरांचा खच दिसतो. ‘फाइल करप्ट झाली’ असे समजून लोक ती काढून टाकतात. ती शाबूत असते. फक्त फॉन्ट हवा असतो. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर आधी कॉपी करावा. श्री-लिपीच्या डोंगलवर (संगणकाला जोडायच्या परवान्याच्या खुंटीवर) चालणाऱ्या आवृत्त्या असतील तर डोंगल जपावा. नंतर सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, कोणते सोंग कोणाच्या घरचे, कोणामागून कोण नाचते याची एखाद्याने वीस वर्षांपूर्वी टंकलेली यादी दुसरीकडे कोठेही नसते.

वीज : यंत्र उघडण्याआधी भिंतीकडे पाहावे. पावसाळ्यात लाइट जाते-येते, व्होल्टेज खाली-वर होते आणि त्याचा भार कॅबिनेटमधल्या एसएमपीएसवर पडतो. हा भाग घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. तो थकला की संगणक लिहिता-लिहिता बंद पडतो, किंवा बटण दाबल्यावर पंखा एक फेरी मारून थांबतो. त्यातली आणि मदरबोर्डवरची छोटी नळकांडी, म्हणजे कपॅसिटर, वरून सपाट असायला हवीत. त्यांचा माथा फुगला असेल किंवा तपकिरी चिकटा बाहेर आला असेल, तर दोष सापडला. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर सदोष कपॅसिटर बाजारात आले होते. तेव्हाचे बोर्ड उघडले की हेच दिसते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर संगणकाला दोष देऊ नये. घराला अर्थिंग नाही किंवा ते सुकले आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवी; वाट नसली की पत्र्यावर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहते. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा डोंगरउतारावर उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. मृगाआधीच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात विजेचा प्लग काढावाच. इंटरनेटची तांब्याची तारही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही आत शिरते आणि हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. त्यानंतर तो यूपीएस नुसती टेबलावरची जागा अडवतो.

ओल आणि धूळ : चार महिने बंद ठेवलेला संगणक दिवाळीत लावला आणि नुसती टीं-टीं ऐकू आली, पडदा काळाच राहिला, असे पेठेत घरोघर घडते. बहुधा रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर ओलीचा थर चढलेला असतो. प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवावी, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवावा. मग दोन्ही बाजूंचे खटके बाहेर ढकलले की पट्टी वर येते. शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने दात एकाच दिशेने हलके घासावेत. रबर काळे पडते, दात चकाकतात. कीस फुंकू नये, फुंकरीतही ओल असते. कोरड्या ब्रशने झटकावा. पट्टीची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवून दोन्ही टोके दाबली की ‘टक्’ असा आवाज होतो. तो ऐकू आला नाही तर पट्टी बसलेली नाही. डीडीआर-२, डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. जोर लावून बसवलेली पट्टी बोर्ड घेऊन जाते. पाच रुपयांच्या खोडरबराने बरा झालेला संगणक ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून भंगारात गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत, आणि ही गोष्ट मनाला लागते.

मागच्या मोकळ्या खाचांतून मुंग्या, झुरळे, पाली आत जातात. एसएमपीएसच्या उबेला गेलेली पाल शॉर्ट करून जाते, म्हणून त्या खाचांवर पट्ट्या लावाव्यात. सीपीयूवरचा पंखा आणि त्याखालच्या पत्र्या धुळीने भरल्या, की चिप तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. सकाळी बरा चालणारा संगणक अर्ध्या तासाने रेंगाळतो तो यामुळे. पंखा पत्र्यांसकट काढला तर चिपवरची जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी मुगाच्या दाण्याएवढी लावावी. तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा ३ व्होल्टचा बटणसेल बदलावा. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत.

हार्ड डिस्क : खऱ्या संथपणाचे मूळ बहुधा येथे असते. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर आणि सीपीयू जवळजवळ रिकामा असेल, तर नवा प्रोसेसर घेऊन काही मिळणार नाही. घरगुती डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ७२०० च्या एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारी सुई जागेवर जायला वेळ. विखुरलेल्या नोंदी शोधायच्या तर सेकंदाला शंभरेक जमतात. फिरता भाग नसलेल्या एसएसडीला हेच काम हजारोंच्या घरात जमते. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर साटा जोडणीची एसएसडी घ्यावी, असे या नोंदीचे ठाम मत आहे. रॅम त्यानंतर, ३२-बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच जाते.

डिस्कमधून टकटक येत असेल तर यंत्र ताबडतोब बंद करावे, ‘एकदा बघू’ म्हणून पुन्हा सुरू करू नये. मरत्या डिस्कवर विंडोजची डिस्क तपासणारी ‘चेकडिस्क’ चालवणे घातक असते. ती दुरुस्तीच्या नादात उरलेली डिस्क पिंजून काढते. आधी प्रत, मग तपासणी.

व्हायरस : पेनड्राइव्हने फिरणारा व्हायरस आजही झेरॉक्सच्या दुकानातून घरी येतो. दोन अँटिव्हायरस एकदम टाकले तर ते एकमेकांच्या पायात येतात, एकच ठेवावा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले, तेव्हा व्हायरसग्रस्त यंत्रे येत राहिली. भाऊ संजय यांनी त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभे राहिले. ती कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. मराठी माणसाच्या दुरुस्तीच्या टेबलाचा हा मोठा वारसा आहे.

कार्यप्रणाली : विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या बोर्डांवर नसते. अशा यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू चालते. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स भारतीय भाषांसाठीच केलेली आहे. लिनक्स पेनड्राइव्हवरून, डिस्कवर न बसवता, आधी चालवून पाहता येते. असे केल्यावर संगणक सुरळीत चालला, तर दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. तेव्हाही अडकला तर रॅम, उष्णता किंवा वीज तपासावी.

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या यंत्राची रॅम, एसएमपीएस आणि पंखा शेजारच्या तशाच यंत्राला उपयोगी पडतात. यूपीएसच्या बॅटरीत शिसे आणि आम्ल असते. ती नव्या बॅटरीच्या बदल्यात दुकानदार परत घेतो. हार्ड डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी तिच्यावरचे सर्व पुसून घ्यावे.