जॉन मॅकलेंडन

जॉन मॅकलेंडन (५ एप्रिल, १९१५ - ८ ऑक्टोबर, १९९९) हे अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षक होते. नॉर्थ कॅरोलायना कॉलेज, हॅम्प्टन इन्स्टिट्यूट आणि टेनेसी ए अँड आय यांसारख्या लहान व प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या महाविद्यालयांच्या पुरुष संघांचे ते मुख्य प्रशिक्षक होते. टेनेसी ए अँड आय संघाला त्यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ असे सलग तीन वर्षे एनएआयए या संघटनेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारे ते पहिले प्रशिक्षक होत. वेगवान आक्रमणावर आधारलेल्या आधुनिक बास्केटबॉलच्या प्रमुख शिल्पकारांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

मॅकलेंडन यांचा जन्म कॅन्सस राज्यातील हायवाथा या गावी झाला. १९३३ साली त्यांनी कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश घेतला. बास्केटबॉल या खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ त्या वेळी तेथे अध्यापन करीत होते. नेस्मिथ यांनाच आपले मार्गदर्शक करून घ्यावे, असे वडिलांनी सांगून पाठवलेले असल्याने मॅकलेंडन थेट त्यांच्याकडे गेले आणि नेस्मिथ यांनी त्यांचे शिष्यत्व मान्य केले.

विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मात्र केवळ श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांसाठी होता. त्यामुळे खुद्द खेळाच्या जनकाकडून तो शिकणाऱ्या या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघातून कधीही खेळता आले नाही. पदवीसाठी पोहण्याची परीक्षा आवश्यक होती, परंतु विद्यापीठाचा जलतरण तलाव कृष्णवर्णीयांना वापरू दिला जात नसे. तलावात न उतरताच उत्तीर्ण होण्याची सवलत मॅकलेंडन यांनी नाकारली आणि पोहण्याचा हक्क बजावला. या प्रसंगी नेस्मिथ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३६ साली मॅकलेंडन पदवीधर झाले. या विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत. पुढे त्यांनी आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली.

नॉर्थ कॅरोलायना कॉलेज

१९३७ साली मॅकलेंडन डरहॅम येथील नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज या संस्थेत रुजू झाले. ही संस्था आज नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ या नावाने ओळखली जाते. १९४० साली ते तेथील संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. या काळात संघाने दोनशेहून अधिक सामने जिंकले. पुढे बोस्टन सेल्टिक्सकडून दहा अजिंक्यपदे मिळवणारे सॅम जोन्स हे सुरुवातीला याच महाविद्यालयात मॅकलेंडन यांच्या हाताखाली खेळले. त्यांचे आणखी एक खेळाडू हॅरल्ड हंटर यांच्याशी १९५० साली वॉशिंग्टन कॅपिटॉल्स या व्यावसायिक संघाने करार केला. असा करार मिळवणाऱ्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी ते एक होते.

दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी वंशविभाजनाचे कायदे लागू होते आणि मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांची दारे कृष्णवर्णीय महाविद्यालयांना बंद होती. कितीही सामने जिंकले तरी देशातील इतर संघांच्या तुलनेत आपण कोठे आहोत हे या संघांना कळण्याचा मार्ग नव्हता. अशा परिस्थितीत कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या सीआयएए या संघटनेची स्वतंत्र बाद स्पर्धा सुरू करण्यात मॅकलेंडन यांनी पुढाकार घेतला. १९४६ साली वॉशिंग्टन येथे भरलेली ही पहिली स्पर्धा त्यांच्याच संघाने जिंकली.

गुप्त सामना

१२ मार्च, १९४४ रोजी, रविवारी सकाळी, मॅकलेंडन यांच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील श्वेतवर्णीय खेळाडूंच्या संघाशी सामना खेळला. डरहॅममध्ये असा मिश्र सामना खेळणे प्रचलित कायद्याच्या विरुद्ध होते आणि तो उघडकीस आल्यास खेळाडू व प्रशिक्षक यांच्या नोकरी-शिक्षणावरच नव्हे, तर जिवावरही बेतण्याची शक्यता होती. म्हणून शहरातील बहुतेक लोक चर्चमध्ये असतील अशी वेळ निवडण्यात आली. पाहुणा संघ आडवाटेने आला, व्यायामशाळेची दारे आतून लावून घेण्यात आली आणि प्रेक्षकांना प्रवेश देण्यात आला नाही.

प्रारंभी दोन्ही संघ बिचकत खेळले. नंतर मॅकलेंडन यांच्या खेळाडूंनी आपल्या नेहमीच्या वेगाने खेळायला सुरुवात केली आणि सामना ८८-४४ असा, म्हणजे बरोबर दुप्पट गुणांनी जिंकला. त्यानंतर दोन्ही बाजूंचे खेळाडू आपसांत मिसळून मिश्र संघ करण्यात आले आणि आणखी एक सामना खेळला गेला. सहभागी झालेल्यांनी या घटनेची वाच्यता होऊ दिली नाही. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९६ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा सामन्याला अर्धशतक उलटून गेले होते.

टेनेसी ए अँड आय

दोन वर्षे हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये काम केल्यानंतर १९५४ साली मॅकलेंडन नॅशव्हिल येथील टेनेसी ए अँड आय या महाविद्यालयात आले. आजचे टेनेसी स्टेट विद्यापीठ ते हेच. लहान महाविद्यालयांची संघटना असलेल्या एनएआयएने १९५३ पासून कृष्णवर्णीय महाविद्यालयांना आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत स्थान दिले होते. त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्यांत मॅकलेंडन आघाडीवर होते. कॅन्सस सिटी येथील स्पर्धेचे निमंत्रण आले, तेव्हा इतर संघांप्रमाणेच आपल्या खेळाडूंचीही शहरातील हॉटेलांत राहण्याची व जेवणाची सोय व्हावी, अशी अट त्यांनी घातली आणि ती मान्य झाली.

१९५७ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने साउथईस्टर्न ओक्लाहोमाचा, १९५८ साली वेस्टर्न इलिनॉयचा आणि १९५९ साली पॅसिफिक लुथरनचा पराभव केला. १९५७ च्या विजयामुळे, सर्व वर्णांच्या संघांना खुली असलेली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा जिंकणारे हे पहिले कृष्णवर्णीय महाविद्यालय ठरले. डिक बार्नेट, जॉन बार्नहिल आणि बेन वॉर्ली हे या संघातील प्रमुख खेळाडू होते. तिघेही पुढे व्यावसायिक बास्केटबॉल खेळले. त्यांपैकी बार्नेट हे १९७० आणि १९७३ साली एनबीए अजिंक्यपद जिंकणाऱ्या न्यू यॉर्क निक्स संघात होते.

खेळाची पद्धती

मॅकलेंडन यांच्या खेळाचा पाया नेस्मिथ यांच्या शिकवणुकीत होता. चेंडू जेथे असेल तेथेच आक्रमण आणि बचाव दोन्ही सुरू झाले पाहिजेत, अशी नेस्मिथ यांची धारणा होती. त्यानुसार मॅकलेंडन यांचे खेळाडू प्रतिस्पर्ध्यांना संपूर्ण कोर्टभर अडवीत आणि चेंडू हाती येताच, समोरचा बचाव सावरण्यापूर्वी, बास्केटकडे धाव घेत. या जलद आक्रमणाला ‘फास्ट ब्रेक’ म्हणतात. त्या काळात बहुतेक संघ चेंडू संथपणे फिरवीत संधीची वाट पाहत असत. सामनाभर अशी धाव टिकवण्यासाठी दमसास लागतो, म्हणून सरावात धावण्यावर मोठा भर असे. या विषयावरील त्यांचे ‘फास्ट ब्रेक बास्केटबॉल’ हे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले.

आघाडी टिकवण्यासाठी चार खेळाडूंना चार कोपऱ्यांकडे पसरवून मधली जागा मोकळी ठेवण्याच्या ‘फोर कॉर्नर्स’ या डावपेचाचे श्रेयही त्यांना दिले जाते. पुढे डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तो विशेष लोकप्रिय केला.

नंतरची कारकीर्द

१९५९ साली मॅकलेंडन क्लीव्हलँड पायपर्स या संघाचे प्रशिक्षक झाले. हा संघ १९६१ साली अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये दाखल झाला, तेव्हा व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होण्याचा मान त्यांना मिळाला. खेळाडूंच्या वेतनावरून संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याशी मतभेद झाल्याने हंगाम चालू असतानाच त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ते केंटकी स्टेट महाविद्यालयात होते. १९६६ साली क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने त्यांची नेमणूक केली. प्रामुख्याने श्वेतवर्णीय विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य बास्केटबॉल प्रशिक्षक होत. येथे त्यांना पूर्वीसारखे यश लाभले नाही. १९६९ साली डेन्व्हर रॉकेट्सचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे अल्पकाळ होते. उतारवयात त्यांनी क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात खेळाच्या इतिहासाचे अध्यापन केले. क्लीव्हलँड हाइट्स येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान

१९७९ साली नेस्मिथ स्मारक बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये मॅकलेंडन यांचा समावेश झाला, परंतु तो प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर खेळाला हातभार लावणारी व्यक्ती म्हणून. महाविद्यालयीन सामन्यांत पाचशेहून अधिक विजय मिळवणाऱ्या या प्रशिक्षकाचा प्रशिक्षक म्हणून सन्मान २०१६ साली, त्यांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी झाला. १९५७ ते १९५९ या काळातील टेनेसी ए अँड आय संघालाही २०१९ साली तेथे स्थान मिळाले. डरहॅम येथील नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठाच्या मॅकलेंडन-मॅकडुगाल्ड व्यायामशाळेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.